मध्यस्थाच्या वाट्याला बरका

आमच्या निर्मळ गावाच्या नावावर जमा असलेला सर्वांत जुना तंटा परशुराम आणि विमलासुर यांच्यातला. तो परशूने मिटला. मध्ये कोणी पडलं नाही, त्यामुळे निकाल लवकर लागला, आणि मागे विमलेश्वर व विमल तलाव एवढं राहिलं. पुढचा मोठा तंटा इथून काही कोसांवर, वसईच्या किल्ल्यात, 1739 च्या मे महिन्यात. चिमाजीअप्पांच्या सुरुंगांनी तटाला भगदाडं पाडली होती, पोर्तुगीज जेरीला आले होते. तरी 16 मेला ज्या अटी ठरल्या त्यांत हरलेल्यांना आठवडाभराची मुदत मिळाली, सामानसुमान आणि हत्यारं बरोबर नेता आली, आणि किल्ल्याबाहेर पडताना चक्क ढोल वाजवत, निशाणं फडकवत जायची मुभा मिळाली. हरलेल्या माणसाला ढोल कशाला, असं मला शाळेत फार वाटायचं.

तिसरा तंटा आमच्या आळीतल्या फणसाचा. त्यात मध्यस्थ मी होतो.

उगवतीकडच्या वाडीतले काका आणि मावळतीकडच्या वाडीतले काका हे एकमेकांचे चुलत भाऊ. दोन वाड्यांच्या मध्ये बांध आणि बांधावर फणस. त्यांच्या आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा माड मोजले, केळींच्या ओळी मोजल्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या. फणस तेवढा राहिला. म्हातारा विसरला असं काही जण म्हणतात. काही म्हणतात मुद्दाम ठेवला, म्हणजे पोरं निदान एकमेकांशी बोलत राहतील. बोलत राहिली यात शंका नाही. रात्री जेवणं झाल्यावर मावळतीचे काका जे बोलायचे ते आमच्या ओटीवर शब्दन् शब्द ऐकू यायचं, आणि उत्तर तर मागच्या आळीपर्यंत जायचं. हद्द ठरवायला एकदा सरकारी मोजणीही आली. मोजणीची रेघ सरळ खोडाच्या पोटातून गेली. दोघांनी तिचा अर्थ ‘माझा’ असाच लावला.

फणस कापा असता तर हे भांडण मला समजलं असतं. हा बरका. ज्यांनी बरका खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्याचा गरा माणूस खात नाही, तो आपणहून घशाखाली जातो, आपल्याला विचारत नाही. दोन्ही घरांत बरक्याला कोणी हात लावत नसे. मेच्या अखेरीला फळं धपाधप पडायची, फुटायची, माश्या घोंगावायच्या आणि वास पार तलावापर्यंत जायचा. शहाण्या माणसांनी असलं झाड दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी भांडावं. हे दोघे ते आपलं ठरवण्यासाठी भांडत होते.

आता मी यात कसा, तर निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाला दोन गोष्टी होतात, एक गुडघे आणि दुसरी समाजसेवा. गुडघे सोसले असते. त्याच सुमारास, सप्टेंबर 2023 मध्ये, देशात मध्यस्थीचा कायदा झाल्याचं मी पेपरात वाचलं. त्यात शेजारपाजाऱ्यांच्या, परिसराची शांतता बिघडवणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरणच आहे. हे काम तीन मध्यस्थांच्या मंडळाने करावं, असं कायदा म्हणतो. एकट्याने का करू नये, ते कलमात सांगितलेलं नाही. कधी दुरुस्ती करायची झाली तर माझी साक्ष घ्यावी.

न्यायालयांशी जोडलेल्या मध्यस्थांना 40 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मी एका हौशी संस्थेचं शनिवार-रविवारचं शिबिर केलं, ज्यात बराचसा वेळ चहात गेला. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. ते लॅमिनेट करून ओटीवर लावलं. बायको म्हणाली, “इतकी वर्षं नालासोपाऱ्याहून लोकलमध्ये ‘जरा आत सरका’ म्हणत चौथी सीट मिळवलीत, तेव्हा नाही लागलं प्रमाणपत्र.” मी तिला समजावून सांगितलं की ती नुसती घासाघीस होती, त्याच्यामागे शास्त्र नव्हतं.

शास्त्र मी पुस्तकांतून आणलं. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं ‘गेटिंग टू येस’ 1981 मध्ये आलं आणि मध्यस्थी करणाऱ्यांची ती पोथी झाली. त्यात संत्र्याची गोष्ट आहे. एका संत्र्यावरून दोन पोरं भांडली, शेवटी संत्रं अर्धं-अर्धं केलं. एकाने आतला गर खाल्ला आणि साल टाकली. दुसऱ्याला केकसाठी साल हवी होती, त्याने गर टाकला. म्हणून काय हवं ते विचारून थांबू नये, का हवं ते विचारावं. मी ही गोष्ट वाचली आणि फणसाकडे पाहिलं. डोळे भरून आले.

पहिली बैठक बांधावर ठेवली. मध्यस्थ कोणाच्या घरात बसला की तटस्थता संपली, हे शिबिरात ठसवलं होतं. मी घरून प्लास्टिकची खुर्ची नेली आणि दोन पाय उगवतीच्या वाडीत, दोन पाय मावळतीच्या वाडीत अशी बांधावर बरोब्बर आडवी ठेवली. नेमकी त्या दिवशी पाण्याची पाळी उगवतीकडे होती. तिकडची जमीन भिजलेली. मी बसलो, प्रस्तावना सुरू केली, “इथे कोणी जिंकणार नाही, कोणी हरणार नाही,” आणि खुर्चीचे उगवतीकडचे दोन पाय हळूहळू मातीत जायला लागले.

“बघा,” मावळतीचे काका म्हणाले. “आत्तापासूनच तिकडे कलायला लागला.”

मी उठून खुर्ची फिरवली. पाय दुसरे, भोक तेच. दुसऱ्यांदा मी कललो तो थेट केळीच्या दांड्यावर. उगवतीच्या काकांनी हात दिला. तो मी धरला, ही माझ्याविरुद्धची पहिली नोंद. मावळतीच्या काकूंनी ती पुढे अनेक वेळा वाचून दाखवली.

म्हणून पुढच्या भेटी वेगवेगळ्या घेतल्या. यालाही शास्त्रात आधार आहे. माणूस एकटा असला की मोकळं बोलतो. दोन्ही घरी सारखा चहा प्यावा लागला आणि सारखे पोहे खावे लागले, कारण एका घरी ‘पुरे’ म्हटल्याची बातमी दुसऱ्या घरी माझ्याआधी पोहोचायची. उगवतीच्या काकांना मी विचारलं, “फणस तुम्हाला का हवा?” ते म्हणाले, लाकडासाठी. पोराने विरारला फ्लॅट घेतलाय, त्याच्या देव्हाऱ्याला फणसाचं पिवळं लाकूड हवंय. मावळतीच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, फळांसाठी. लेकीच्या सासरी फणसपोळी आवडते, आणि पोळी बरक्याचीच चांगली होते.

एकाला लाकूड, एकाला फळ! मी घरी येईपर्यंत फिशर आणि युरी यांना पत्र लिहायचं ठरवलं होतं. जेवताना बायकोला सांगितलं. तिने भात वाढता वाढता विचारलं, “लाकूड काढल्यावर फळं कुठे लागणार?”

संत्र्याची साल काढली तरी गर शिल्लक राहतो. फणसाचं तसं नाही. ही अडचण पुस्तकात नव्हती, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांच्या बांधावर फणस नव्हता. बरं, झाड तोडणंही सोपं नाही. शहरी भागातल्या झाडांसाठी राज्यात 1975 पासून कायदा आहे, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही, आणि आम्ही 2009 पासून महापालिकेच्या हद्दीत. ही गावं महापालिकेत असावीत की नसावीत हा वाद वर्षानुवर्षं चालला, मोर्चे निघाले, न्यायालयात गेला. त्यात आमच्या आळीतले सगळे एका बाजूने होते. मोठ्या भांडणात आळी एक होते आणि फणसावर फुटते, याचं उत्तर मला शिबिरात कोणी दिलं नाही.

मग मी ठरवलं की एकदा ‘का’ विचारून भागत नाही, आणखी खोल जायला हवं. मावळतीच्या काकांना विचारलं, “फणसपोळी बाजारातही मिळते. मग हाच फणस का?”

काका बराच वेळ गप्प बसले. मी शिकवल्याप्रमाणे शांतता मोडली नाही. मग ते बोलायला लागले. उगवतीकडच्या लेकीच्या लग्नात यांच्या घराला पहिल्या पंगतीला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या पंगतीला बसवलं, आणि तोवर सुकी भाजी संपलेली. तीच गोष्ट उगवतीकडे विचारली तेव्हा कळलं की मावळतीकडच्या मुंजीत यांच्या काकूंना दिलेलं लुगडं आधी दुसऱ्या कुणाच्या तरी आहेरात आलेलं होतं, घडीवरची हळद तशीच होती. मग विहिरीचा पंप निघाला. पंपानंतर म्हैस. म्हशीनंतर आजीच्या पाटल्या, ज्या कुणीच पाहिलेल्या नव्हत्या. मी मुद्दे वहीत उतरवत होतो. फणस पहिल्या ओळीत होता; पान उलटलं तसा तो मागे पडला.

इथे एक आडवं सांगतो. आमच्या शेजारच्या भुईगावच्या किनाऱ्यावर 1956 साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात सम्राट म्हणतो की लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, त्यांचं फळ थोडं. वडीलधाऱ्यांचा मान आणि नोकरचाकरांशी नीट वागणं यातच खरं मंगल. दोन हजारांवर वर्षांपूर्वी आमच्या दाराशी दगडावर कोरून ठेवलं होतं. तो दगड फुटला आणि आम्ही लुगड्याची घडी तपासत बसलो.

माझं मत विचाराल तर ‘फणस माझा’ हे वाक्य त्या दोघांनी फार विचार करून निवडलेलं होतं. फणसावर भांडता येतं. लुगड्यावर भांडता येत नाही, ते बोलून दाखवणंच कमीपणाचं. आळीतले जुने कर्ते हे ओळखून होते. असा तंटा आला की ते संध्याकाळी येऊन बसायचे, राजेळी केळ्यांना भाव काय मिळतोय, यंदा निर्मळच्या यात्रेत सुकेळी कशी होती, याच्या गप्पा मारायचे, आणि उठता उठता म्हणायचे, “उद्यापासून पाणी एक दिवसाआड. काय?” का, असं कोणी कोणाला विचारायचं नाही. घरी सांगायला एक वाक्य मिळायचं, “त्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं?” राज्यात 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा समित्या नेमल्या, नोंदवह्या आल्या, तंट्यांची वर्गवारी आली. चांगलंच काम होतं. पण जुन्या कर्त्यांकडे वही नव्हती, ही त्यांची मोठी सोय होती. माझ्याकडे वही होती, आणि आता ती दोन्ही घरांना माहीत झाली होती. रस्त्यात गाठून विचारायचे, “पंपाचं लिहिलंस ना?”

हार मानणं माझ्या प्रमाणपत्राला शोभणारं नव्हतं. मी कॅम्प डेव्हिडकडे वळलो. सप्टेंबर 1978, तेरा दिवस, इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन, मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर. शेवटी शेवटी सगळं फिसकटायला आलं तेव्हा कार्टर यांनी बेगिन यांच्या नातवंडांसाठी स्वाक्षरी केलेले फोटो नेऊन दिले, प्रत्येकावर त्या त्या नातवंडाचं नाव घालून. ती नावं वाचताना बेगिन यांचा आवाज जड झाला म्हणतात. मी आमच्या आत्याकडून एक जुना फोटो मिळवला. यात्रेत काढलेला. दोन्ही काका दहा-बारा वर्षांचे, एकाच सायकलवर, एक सीटवर, एक दांड्यावर, मागे गावातल्या समाधिमंदिराची टेकडी. फोटो मोठा करून घेतला आणि दोघांना एकत्र बोलावून समोर ठेवला.

दोघे वाकून बघत राहिले. मावळतीच्या काकांनी चष्मा काढून पुसला. मी खिशातला रुमाल चाचपला.

“ही सायकल माझी,” मावळतीचे काका म्हणाले.

“तुझी? मामाने कोणाला दिली होती?”

वहीत सायकल चढली.

यानंतर मी जे केलं ते शास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरणारं होतं. 1986 मध्ये अमेरिकेत रस्त्यावरच्या लोकांना अण्वस्त्रकपातीचा एक प्रस्ताव दाखवला. तो रेगन यांचा आहे असं सांगितलं तेव्हा 90 टक्के लोकांना बरा वाटला. तटस्थ अभ्यासकांचा म्हणून सांगितला तेव्हा 80 टक्क्यांना. आणि गोर्बाचोव्ह यांचा म्हटल्यावर 44 टक्क्यांना. प्रस्ताव अक्षराने बदललेला नव्हता. म्हणजे समोरच्याने दिलेली चांगली गोष्टही फसवी वाटते. आमच्याकडे त्याचं प्रात्यक्षिक रोज होत होतं. उगवतीचे काका एकदा म्हणाले, “एक वर्ष फळं त्याची, एक वर्ष माझी, काय हरकत आहे?” मी धावत मावळतीकडे गेलो. काका म्हणाले, “म्हणजे यंदा फळं कमी धरणार असणार. त्याला कळलंय.” बरोबर पंधरवड्याने मावळतीच्या काकांनी हीच सूचना स्वतःची म्हणून केली, आणि उगवतीला तिच्यात डाव दिसला.

तेव्हा मी ती सूचना माझी म्हणून मांडली. तटस्थाला 80 टक्के मिळतात. दोघांनी ऐकून घेतली, एकमेकांकडे पाहिलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी एकच वाक्य बोलले: “यात तुला काय मिळणार?”

दोघांची एक मात्र खात्री होती, की कोर्टात गेलं तर निकाल आपल्याच बाजूने. यावरही प्रयोग झालेला आहे. एका मोटारसायकल अपघाताच्या खऱ्या खटल्याची कागदपत्रं विद्यार्थ्यांना दिली, काहींना फिर्यादी केलं, काहींना प्रतिवादी, आणि न्यायाधीश भरपाई किती देईल याचा अंदाज विचारला. कागद तेच, पण फिर्यादींचा अंदाज प्रतिवादींपेक्षा साडेचौदा हजार डॉलरांच्या आसपास जास्त निघाला. हे मी दोन्ही काकांना समजावून सांगितलं. दोघांनीही मान डोलावली आणि म्हणाले, “हेच तर त्याला कळत नाही.”

शेवटच्या बैठकीला मी वैतागलो होतो. उन्हाळा सुरू झाला होता, फणसाला कुयऱ्या लागल्या होत्या, आणि उगवतीचे काका म्हणत होते की त्याला मिळण्यापेक्षा झाड वठलं तरी चालेल. मावळतीचे काका म्हणत होते, मीठ मीच घालतो मुळाशी. जर्मनीत 1982 साली पैसे वाटून घेण्याचा एक साधा खेळ खेळवला होता, त्यातही लोकांनी फार लहान वाटा मिळाला तर तो नाकारला, दोघांचेही पैसे बुडवले. दुसऱ्याचं जास्त होताना बघण्यापेक्षा आपलं कमी झालेलं परवडतं. हे मी सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच.

“मग तो फणस मलाच देऊन टाका!”

बांधावर शांतता पसरली. दोघांनी झाडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“चालेल,” उगवतीचे काका म्हणाले.

“माझी हरकत नाही,” मावळतीचे काका म्हणाले.

मी म्हटलं, मी चेष्टेत बोललो. पण दोघे एव्हाना तपशिलावर आले होते. फळं माझी, झाडाची निगा माझी, पडलेली फळं त्याच दिवशी उचलणं माझ्यावर, शिडी लावायची ती एक दिवस इकडून आणि एक दिवस तिकडून. कागद उगवतीकडचा, पेन मावळतीकडचं. सह्या झाल्या. कायद्याप्रमाणे सामुदायिक मध्यस्थीतला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, याचा मला पहिल्यांदा आनंद झाला. पण काका लोकांनी तो कोर्टाविनाच बजावायचं ठरवलं होतं.

दोन मांजरं आणि माकडाची गोष्ट आळीत प्रत्येकाला पाठ आहे, त्यामुळे मला काय म्हणतात ते वेगळं सांगत नाही. एवढंच म्हणेन की त्या माकडाला लोणी मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर मावळतीचे काका सांगत होते, “दिला त्याला. म्हटलं, जाऊ दे, निवृत्त माणूस आहे, तेवढाच विरंगुळा.” संध्याकाळी तलावाच्या पायरीवर उगवतीचे काका सांगत होते, “फार मागे लागला होता हो. शेवटी माझ्याच्याने नाही म्हणवेना.” दोघांचाही आवाज मोठा आणि खुशीत होता. दोघेही देणारे झाले होते, घेणारा मी एकटा. पोर्तुगीज किल्ल्यातून कसे निघाले असतील ते मला त्या पायरीवर ऐकू आलं.

मे आला. पहिला बरका घरी आणला तेव्हा बायकोने दार उघडलं, वास घेतला आणि परत लावलं. मग हाताला तेल, कोयत्याला तेल, तरी चीक कोपरापर्यंत. आठळ्या वाळवल्या, सांदणं केली, गच्चीवर ताटं मांडून फणसपोळी घातली. आळीत वाटायला गेलो तर लोक खिडकीतूनच सांगायचे, “मधुमेह आहे.” अख्ख्या आळीला एका उन्हाळ्यात मधुमेह झाला. पहाटे पडलेली फळं उचलायला गेलो की दोन्ही काका आपापल्या बाजूने बांधावर उभे असायचे आणि एकत्र सूचना करायचे. पंपाचं, म्हशीचं, पाटल्यांचं कोणी काढत नव्हतं. वही मी माळ्यावर टाकली.

आणि मग मला त्या झाडाची सवय व्हायला लागली, हे मात्र मानलं पाहिजे. पुठ्ठ्यावर नोंद ठेवायला लागलो, कुठल्या फांदीचं फळ गोड, कुठल्याचं पाणचट. अमेरिकेत 1990 साली छापून आलेला एक प्रयोग आहे: काही जणांना फुकट कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? साधारण सात डॉलर म्हणाले. ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना विचारलं, कितीला घ्याल? तीनच्या आत. हातात आलं की किंमत दुपटीहून वर जाते, मग गोष्ट नकोशी का असेना. मी हे शिबिरात हसत ऐकलं होतं.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी उगवतीच्या काकूंनी वाणासाठी एक फणस काढला. मला न विचारता. मधल्या फांदीचा, गोड. मी सरळ त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो आणि कराराचं पहिलं कलम वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, “अरे, एक फणस! आणि झाड कोणाचं?” मी म्हटलं, “झाड माझं.” हे मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण मावळतीचे काका पलीकडून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा उगवतीच्या ओटीवर, त्यांच्या बाजूने, बसले.

दोघांनी विचार करून सांगितलं की असं रोज वाजत बसण्यापेक्षा कुणाला तरी मध्ये घालू. आगाशीचा माझा मेहुणा आहे, त्यानेही ते शिबिर केलंय. शिफारस मीच केली होती. तो रविवारी आला, वही घेऊन. खुर्ची त्याने पाणी न दिलेल्या बाजूला मांडली, हे मात्र माझ्यापेक्षा बरं केलं. दोन्ही काकांना त्याने थोडा वेळ बाजूला जायला सांगितलं, वहीचं कोरं पान काढलं, शिकवल्याप्रमाणे पुढे झुकून मान किंचित कलती केली आणि मला विचारलं, “दाजी, हा फणस तुम्हाला नेमका का हवा आहे?”

मी बराच वेळ गप्प बसलो. त्याने शांतता मोडली नाही. मग मी खुर्चीच्या पायांपासून सुरुवात केली.